काढल्यावर ठेवाल कुठे?

भुसावळला रेल्वेलाइनीच्या पलीकडे रिक्षा आणि जीपचे हूड शिवणारे एक उस्ताद बसतात. दुकान म्हणजे एक शिलाई मशीन, रेक्झिनचे चार-पाच गठ्ठे आणि दारात कायम कुणाची तरी उघडी पडलेली रिक्षा. आम्ही शेडमध्ये बांधत असलेल्या उघड्या स्पोर्ट्स कारचं चित्र मी त्यांच्यापुढे धरलं आणि छपराचा भाग बोटाने दाखवला. हा एवढा तुकडा कडक, फायबरचा. कड्या उघडल्या की उचलून बाजूला. तुम्ही मागचा पडदा तेवढा शिवून द्या. उस्तादांनी चष्मा कपाळावर ढकलला, चित्र उलटसुलट पाहिलं आणि म्हणाले, "काढाल हो. काढल्यावर ठेवाल कुठे?"

कापडाचं केलं तर गुंडाळून सीटमागे टाकता येतं, असं त्यांचं म्हणणं. कडक छप्पर म्हणजे घरात एक जास्तीचा दरवाजा आणून उभा करण्यासारखं. मी हसून वेळ मारून नेली. पुढे दोन उन्हाळे त्या छपरात गेले. वाऱ्याचा हिशेब जमला, गळती थांबली, काच एकदा तडकून दुसरी बसली, आणि उस्तादांचा प्रश्न होता तिथेच राहिला.

गाडीचं आधी सांगतो. सावदा-फैजपूर रस्त्यावरून आत वळलं की आमची केळी. बांधाला लागून पॅकिंगसाठी घातलेली पत्र्याची शेड आहे; कापणी नसली की ती रिकामी. मी जळगावला पीव्हीसी पाइपच्या एका कारखान्यात टूलरूमला, म्हणजे साचे आणि अवजारं बनवणाऱ्या विभागात, असतो आणि शनिवारी रात्री गावी येतो. धाकटा चुलतभाऊ केळी बघतो, आणि वेल्डिंग माझ्यापेक्षा चांगलं करतो. भंगारात निघालेल्या एका मारुती ओम्नीचं इंजिन, गिअरबॉक्स आणि मागचा अ‍ॅक्सल आम्ही उचलला. ओम्नीच का, तर तिचं इंजिन लांबीत बसवलेलं असतं आणि ताकद मागच्या चाकांना जाते. जुन्या ढंगाच्या स्पोर्ट्स कारला हेच लागतं. ७९६ सीसी, तीन सिलिंडर, पस्तीसेक हॉर्सपॉवर. आकडा ऐकून लोक हसतात. पण ओम्नीचं पत्र्याचं घर उतरवलं, एक इंची चौकोनी पाइपची १६ गेजची चौकट बांधली आणि सगळं वजन ५०० किलोंच्या आत ठेवलं, की तेच इंजिन वेगळ्या आवाजात बोलायला लागतं. कॉलिन चॅपमन यांनी १९५७ साली लोटस सेव्हन काढली ती याच हिशेबाने: ताकद वाढवत बसण्यापेक्षा वजन काढून टाका. ती गाडी सुट्या भागांच्या रूपात विकत घेऊन घरच्या घरी जोडता यायची. घरी गाड्या बांधणाऱ्यांची जगभर पसरलेली जी जमात आहे, तिचं कुलदैवत तीच.

आमच्या गाडीला नंबर नाही आणि मिळणारही नाही. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधला १२६ वा नियम सांगतो की नव्या गाडीचा नमुना पुण्याच्या एआरएआयसारख्या संस्थेकडून तपासून घ्यायचा. ती सगळी व्यवस्था कारखान्यांसाठी आहे. केळीच्या शेडमध्ये जन्मलेल्या एकुलत्या एका गाडीसाठी नाही. ब्रिटनमध्ये अशी एकटीदुकटी गाडी तपासून रस्त्यावर सोडायची सोय आहे. आपल्याकडे नाही, आणि आपले रस्ते पाहता त्यात फार अन्याय झालाय असंही मला वाटत नाही. तर गाडी फिरते ती आमच्याच शेतातल्या ट्रॅक्टरच्या वाटेवर. नानांनी चौकट पहिल्यांदा पाहिली तेव्हा विचारलं होतं, "इतलं करून फिरशीन कुठी? केयीत?" आमच्या लेवा बोलीत ळ चा य होतो, म्हणून केळीची केयी. हो नाना, केयीत.

उघड्या गाडीला छप्पर हवं हे इंग्रजांना पावसामुळे सुचतं. आम्हाला उन्हामुळे सुचलं. एप्रिलमध्ये सकाळी अकराला स्टीअरिंग हातात धरवत नाही. धाकटा ओला गमचा गुंडाळून धरायचा. गिअरचा दांडा स्टीलचा, त्याला मी हौसेने पॉलिश करून आणलेला, तो तर नुसता बघायचा. पारा ४५ वर गेलेला असताना उघड्या गाडीत बसणं म्हणजे तव्यावर बसणं. वारा लागतो म्हणावं तर तो वाराच भट्टीतून आलेला.

पण संध्याकाळी सातनंतर हेच छप्पर नको होतं. खान्देशात वाढलेल्या माणसाला हे वेगळं सांगावं लागत नाही. आमचं जुनं घर धाब्याचं. सागाच्या कड्या, वर किलचन, त्यावर पांढऱ्या मातीचा जाड थर. दिवसभर ते धाबं ऊन स्वतःच्या अंगावर घेऊन खाली गारवा ठेवायचं, आणि रात्री आम्ही सगळी गोधड्या घेऊन त्याच धाब्यावर. दिवसा छपराखाली, रात्री छपरावर. बैलगाडीचंही तेच. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, लेकीबाळींना माहेरी आणायचं म्हणजे बांबूच्या कमानींचा टप गाडीवर चढायचा, वर ताडपत्री, आत गादी. पोरी उतरल्या की टप निघाला आणि त्याच गाडीत शेणखत. काढता-घालता येणाऱ्या छपराचं कौतुक मला परदेशी गाड्यांची चित्रं पाहून वाटायला लागलं खरं, पण ते आमच्या अंगणात आधीपासून होतं.

आणि टप काढल्यावर कुठे ठेवायचे? गोठ्याच्या भिंतीला टेकून. एवढी सोपी गोष्ट.

परदेशी गाड्यांनी या प्रश्नाची जी उत्तरं दिली ती वाचताना मजा येते. ट्रायम्फ टीआर४ ही १९६१ ची गाडी. तिची मागची काच पक्की, आणि काच ते विंडस्क्रीन एवढाच पत्र्याचा तुकडा निघायचा. तो गाडीत मावतच नसे. मग घरी ठेवून निघा, आणि वाटेत पाऊस आला तर असावं म्हणून घडीचं कापड सोबत घ्या. पोर्शने १९६५ मध्ये फ्रँकफर्टला ९११ टार्गा दाखवली तेव्हा मागे स्टीलची रुंद कमान ठेवली आणि मधलं छप्पर घडी होईल असं केलं. टार्गा हे नाव सिसिलीतल्या टार्गा फ्लोरिओ शर्यतीवरून आलं, आणि आता तर असल्या सगळ्याच छपरांना लोक टार्गा म्हणतात. फियाटने १९७२ च्या एक्स१/९ मध्ये इंजिन मागे नेलं, त्यामुळे पुढच्या बॉनेटखाली छप्पर आडवं ठेवायला जागा मिळाली. हे मला सगळ्यांत शहाणपणाचं वाटतं. आमच्या गाडीत मात्र बॉनेटखाली इंजिन, सीटमागे पेट्रोलची टाकी, आणि मागे वीतभर जागा, तिच्यात जॅक आणि पाण्याची बाटली.

तरी कडकच करायचं ठरलं. कारण खरं सांगायचं तर एकच: मला ते करून बघायचं होतं. कापडाचं छप्पर उस्तादांनी दोन दिवसांत शिवून दिलं असतं आणि माझे रविवार मोकळे झाले असते.

आकार ठरवायला आम्ही केळीच्या एक्स्पोर्टच्या खोक्यांचा पुठ्ठा वापरला. शेडमध्ये त्याला तोटा नाही. विंडस्क्रीनच्या वरच्या पट्टीपासून मागच्या रोलबारपर्यंत (सीटमागची पाइपची कमान) ८०० मिलिमीटर, रुंदी ११०० मिलिमीटर. खोके कापून, चिकटपट्टी लावून डोक्यावर छप्पर उभं केलं आणि नानांना आत बसवलं. बसवलं म्हणजे काय, छप्पर असताना त्या गाडीत शिरायचं तर आधी एक पाय, मग बूड, मग उरलेला माणूस. नाना पंच्याहत्तरीचे. बसले, सरळ झाले, आणि त्यांची टोपी पुठ्ठ्याला टेकून चपटी झाली. मी म्हटलं, टोपी काढा. त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी गुपचूप छप्पर ४० मिलिमीटर वर घेतलं. बाजूने पाहिलं की गाडीला किंचित कुबड आल्यासारखं वाटतं. त्याचं कारण एक गांधी टोपी आहे.

ते कुबड पुढे उपयोगी पडलं. सपाट पत्रा हाताने दाबला की डबडब आवाज करतो. त्यालाच दोन्ही दिशांनी थोडा फुगा दिला की तो ताठ होतो. परातीचा तळ आणि कढईचा तळ दाबून पाहिलात तर लगेच कळेल.

साचा थर्माकोलचा करायचा असं मी जाहीर केलं. गणपतीच्या मखरांनी आम्हाला थर्माकोल कापायचं तंत्र शिकवलेलंच आहे. गरम तारेने कापून, घासून दोन रविवारांत सुरेख आकार उभा केला. मे महिना होता. फायबरचं काम सकाळी लवकर करायचं एवढं ऐकून होतो, म्हणून पहाटे पाचला रेझिन कालवलं, काचेच्या मॅटचा पहिला तुकडा अंथरला आणि ब्रशने रेझिन मारायला सुरुवात केली. पहिल्या मिनिटाला काही नाही. दुसऱ्या मिनिटाला मॅट मधोमध बसायला लागली. मला वाटलं मी ब्रश जोरात दाबतोय. तिसऱ्या मिनिटाला धाकटा म्हणाला, "दादा, हे खाली चाललं." थर्माकोल आतून विरघळत होता, तोंडात टाकलेल्या बत्ताशासारखा. पॉलिएस्टर रेझिनमध्ये स्टायरिन असतं आणि थर्माकोल म्हणजे स्टायरिनचाच फुगवलेला भाऊ. एकाने दुसऱ्याला गिळलं. टूलरूममध्ये सोळा वर्षं काढलेला मी, आणि हे मला माहीत नव्हतं असंही नाही. वाचलेलं होतं. डोक्यात होतं, हातात नव्हतं. तो चिकट, खड्डा पडलेला गोळा अजून शेडच्या मागे आहे. कुत्रं त्यात झोपतं.

दुसरा साचाही थर्माकोलचाच, पण वर प्लास्टर ऑफ पॅरिसचा थर. गावातले मूर्ती करणारे साचे कसे गुळगुळीत करतात ते जाऊन पाहिलं. प्लास्टर पूर्ण सुकलं पाहिजे, नाहीतर रेझिन नीट बसत नाही. इथे आमचा मे महिना कामाला आला; दोन दिवसांत खडखडीत. वर लाखेच्या पॉलिशचे दोन हात, मग मेणाचे चार.

रेझिन घट्ट व्हायला हार्डनर लागतो. उष्णता वाढली की सगळी क्रिया पळायला लागते. डब्यावर लिहिलेलं प्रमाण २५ अंशांच्या माणसांसाठी असतं. आमच्याकडे दुपारी त्याच प्रमाणात कालवलं तर ब्रश बुडवायच्या आत डब्यात दगड होतो, आणि तोही वाफ सोडणारा. हार्डनर कमी करावा तर त्यालाही हद्द आहे. एक टक्क्याच्या खाली गेलं की फायबर कायमचं अर्धकच्चं राहतं. म्हणून किलोला दहा मिली, एका वेळी पाव किलोपेक्षा जास्त कालवायचं नाही, आणि सूर्य वर यायच्या आत हात धुवायचे. आणखी एक सांगून ठेवतो, कारण हे हसण्यावारी न्यायचं नाही: कोबाल्ट (रेझिन लवकर घट्ट व्हावं म्हणून घालतात ते द्रावण) आणि हार्डनर कधीही एकमेकांत थेट ओतू नका. भडका उडतो. कोबाल्ट आधी रेझिनमध्ये नीट मिसळायचं, हार्डनर नंतर.

४५० ग्रॅमच्या मॅटचे तीन थर दिले. सुकल्यावर जाडी तीनेक मिलिमीटर. साच्यावरून सुटलं तेव्हा आवाज आला, टाळूवर जीभ वाजवल्यासारखा, आणि आम्ही दोघं जे ओरडलो ते ऐकून नाना बाहेर आले. छप्पर हातात धरलं तर अजून लपकत होतं. आतून फासळ्या हव्या होत्या. लोखंडाच्या घातल्या तर वजन गेलं. मी कारखान्यातून नापास झालेले अर्धा इंची पाइपचे तुकडे रीतसर पावती करून आणले, उभे चिरले आणि ते अर्धगोल आतून पालथे चिकटवून वर मॅट दिली. पाइप इथे काही जोर धरत नाही. तो फक्त मॅटला उंची देतो. ताठपणा त्या उंचीतून येतो. एक फासळी आडवी, दोन तिरप्या. सगळं मिळून साडेनऊ किलो. रंग पांढरा. धाकट्याला काळा हवा होता, फोटोत बरा दिसतो म्हणून. त्याला एक दिवस उन्हात काळ्या पत्र्यावर हात ठेवायला सांगितलं.

जूनच्या पहिल्या आठवड्यात छप्पर गाडीवर ठेवलेलं होतं. कड्या यायच्या होत्या, म्हणून दोन सुतळ्या बांधल्या होत्या. दुपारी चारला पश्चिमेकडून आभाळ काळं झालं. ज्यांची केळी आहे त्यांना त्या काळ्या रंगाची वेगळी भीती असते. पाऊस येण्याआधी वारा येतो, आणि केळीचं झाड हे झाड नसतंच. पानांचे देठ एकमेकांवर गुंडाळून उभं राहिलेलं पाणी असतं ते. त्यावर घड लटकलेला असला की वाऱ्याला फार जोर लावावा लागत नाही. वीस मिनिटं. शेडच्या पत्र्यांवर आम्ही दगड ठेवलेले, ते दगड सरकल्याचे आवाज येत होते. वारा पडल्यावर बाहेर आलो तर गाडीवर छप्पर नव्हतं. सुतळ्या तशाच बांधलेल्या, गाठीसकट, मधून तुटलेल्या.

ते सापडलं साठ-सत्तर फुटांवर, आडव्या झालेल्या केळींमध्ये पालथं. एक कोपरा फुटला होता. मी ते उचलायला वाकलो आणि मग आजूबाजूला पाहिलं. पश्चिमेकडचा एकरभर तुकडा झोपला होता. निसवलेल्या, म्हणजे घड बाहेर पडलेल्या, महिनाभरात कापणीला येणाऱ्या केळी. नाना बांधावर उभे राहून काही बोलत नव्हते. धाकटा मोबाइलवर फोटो काढत होता, पंचनाम्यासाठी. त्या सगळ्यात मी हातात एक पांढरं छप्पर घेऊन उभा. ते खाली ठेवावं की धरून ठेवावं हे कळेना. शेवटी तिथेच एका आडव्या खोडावर ठेवलं आणि घड वेगळे करायला गेलो. पुढचे दोन महिने गाडीला कुणी हात लावला नाही.

नंतर एका रात्री जळगावच्या खोलीवर बसून मी हिशेब केला. तो आधी करायला हवा होता. वाऱ्याचा दाब वेगाच्या वर्गाने वाढतो. वेग दुप्पट झाला की दाब चौपट. ताशी १०० किलोमीटरला, आमच्याकडच्या गरम विरळ हवेत, चौरस मीटरला साधारण ४२० न्यूटन. फुगीर छपरावरून जाताना हवा वेग घेते, तिथला दाब उतरतो आणि छप्पर वर ओढलं जातं. खालून, उघड्या बाजूंनी शिरलेली हवा वर ढकलते ते वेगळं. आमच्या छपराचं क्षेत्रफळ ०.८८ चौरस मीटर. म्हणजे ढोबळमानाने ३८ किलोंची उचल. साडेनऊ किलोंचं छप्पर नुसतं ठेवलेलं असेल तर ताशी पन्नासच्या आसपासचा वारा त्याला पुरे. आमची गाडी बांधावरून चाळिसाच्या वर जात नाही, म्हणून मी हा आकडा काढायचा कंटाळा केला होता. वाऱ्याला काय, गाडी पळतेय की वारा पळतोय, सारखंच.

म्हणून चार बोल्ट. आठ एमएमचे, दोन पुढे विंडस्क्रीनच्या पट्टीत, दोन मागे रोलबारला, आवळून पक्के. आता उडवून दाखव. दिवाळीनंतर गाडी घेऊन निघालो, पाण्याच्या पाटावरून तिरपी घातली. पुढचं डावं चाक वर, मागचं उजवं वर, आणि 'टक्'. बारीक आवाज. विंडस्क्रीनच्या वरच्या कोपऱ्यातून एक रेघ निघाली आणि आम्ही बघत असताना सावकाश खाली चालत आली.

मिठाईचा खोका झाकण काढून हातात धरा आणि दोन टोकं उलट्या दिशांना पिळा. सहज पिळतो. झाकण लावलं की पिळत नाही. उघड्या गाडीची चौकट अशीच थोडी पिळली जाते, आणि आम्ही तिला चार बोल्टांनी झाकण आवळलं होतं. मग तो सगळा पीळ छपरातून जाऊन विंडस्क्रीनच्या चौकटीत उतरला, आणि तिथे सगळ्यांत कमी सहन करणारी वस्तू म्हणजे काच. १९६८ च्या कॉर्वेट या अमेरिकी स्पोर्ट्स कारला छपराच्या मधोमध एक पट्टी ठेवून दोन तुकडे काढायची सोय केली होती, ती याच पिळाच्या धास्तीने. एवढ्या मोठ्या कंपनीने ज्याला मान दिला, त्याला मी आठ एमएमच्या बोल्टने गप्प करायला निघालो होतो.

सगळ्यांत लाज वाटली ती वेगळ्याच गोष्टीची. टूलरूममध्ये जिग, म्हणजे वस्तू नेमक्या जागी धरून ठेवणारा सांगाडा, करताना आम्ही पहिल्या महिन्यात पोरांना शिकवतो: दोन पिनांवर वस्तू बसवायची तर एक भोक गोल, दुसरं लांबट. दोन्ही गोल केली तर वस्तू बसेल, पण भांडेल. आणि जागेवर बसवायचं काम पिनेचं, धरून ठेवायचं काम क्लॅम्पचं. एकावर दोन्ही कामं टाकायची नाहीत. आठवडाभर हे बोलतो आणि रविवारी विसरतो. मग पुढे निमुळत्या टोकाच्या दोन पिना केल्या, नायलॉनच्या बुशात बसणाऱ्या. डावं बुश गोल, उजवं आडवं लांबट. मागे लोखंडी पेटीला असतात तशा दोन ओढून घ्यायच्या कड्या, त्याही रबराच्या गादीवर. कडी अशी, की दांडा मध्यबिंदूच्या पलीकडे गेला की ओढ जितकी वाढेल तितकी ती घट्ट होते. उन्हात फायबर स्टीलपेक्षा थोडं जास्त वाढतं, त्यालाही लांबट भोकाने जागा मिळाली. आता पाटावरून गाडी घातली की छप्पर हलकंसं 'कुई' करतं. ते मला ऐकायला आवडतं. नवीन काच बसवली ती अजून शाबूत आहे. आणि हे छप्पर सावलीचं आहे, गाडी उलटली तर डोकं वाचवायचं काम रोलबारचं, हे धाकट्याच्या डोक्यात मी तीनदा घातलंय. सीटबेल्टही.

पाण्याचं फार लांबवत नाही. रबराचं पोकळ बीडिंग चारी बाजूंनी लावलं, फवारणीच्या पंपाने पाणी मारलं, आणि पाणी थेट माझ्या डाव्या गुडघ्यावर. जाड बीडिंग लावलं, कड्या लागेनात. आणखी घट्ट केलं, उजव्या गुडघ्यावर. धाब्याच्या घरात वाढलेल्या माणसाला खरं तर हेही सांगावं लागू नये. धाबं पाणी अडवत नाही. त्याला हलका उतार असतो आणि कडेला पनाळी. मी विंडस्क्रीनच्या पट्टीमागे बोटभर रुंदीची पन्हळ चिकटवली, दोन्ही टोकांना भोकं पाडून खाली ड्रिपच्या नळ्या जोडल्या. बीडिंगमधून येतं ते पाणी पन्हळीत उतरतं आणि चाकापाशी बाहेर पडतं. ड्रिपच्या नळ्यांना आमच्याकडे काय तोटा.

उस्तादांनी मागचा पडदा शिवून दिला. खिडकीला पारदर्शक प्लास्टिक, कडेला दुहेरी शिलाई, पैसे सांगितले त्यापेक्षा पन्नास कमी घेतले. छप्पर बसवलेल्या गाडीचा फोटो दाखवला तर मान डोलावली आणि पुन्हा तेच. "आता काढून दाखवा. कुठे ठेवलंत?" मी म्हटलं, शेडमध्ये. "शेडमध्ये कुठे?" भिंतीला टेकून ठेवलं की घसरतं, कडा झिजतात. पालथं ठेवलं की फासळ्यांवर भार. वरून दोरीने टांगायचं तर एकट्याने होत नाही. कापणीच्या दिवसांत शेडमध्ये खोक्यांना जागा पुरत नाही, तिथे हे धूड प्रत्येकाच्या पायात.

या वर्षी चैत्रात पौर्णिमेच्या आसपास मी गावी आलो. रात्री चांदण्यात छप्पर काढून गाडी चालवायची असं मी आणि धाकट्याने फोनवर ठरवलेलं. म्हणून त्याने छप्पर सकाळीच काढून ठेवलं होतं, पण शेडमध्ये दिसेना. तो म्हणाला, वहिनींना विचार. बायको म्हणाली, माझं नाव घेऊ नका, आत्याबाईंना विचारा.

माय गच्चीवर होती. तिने छप्पर चार विटांवर नीट तोललेलं, त्यावर जुनं धुतलेलं लुगडं अंथरलेलं, आणि लुगड्यावर ज्वारीचे बिबडे, म्हणजे आमच्याकडचे पापड. ओल्या हाताने थापलेले, तीळ-लसणाचे, एकाशेजारी एक गोल. फुगीर असल्यामुळे पाणी कुठे साचत नव्हतं, खालून वारा खेळत होता, पांढरा रंग असल्यामुळे लुगडं तापत नव्हतं. पाण्याचा तांब्या बाजूला, कावळ्यांना हाकलायला काठी. अर्ध्याहून जास्त बिबडे अजून ओले होते.

मी म्हटलं, माय, हे मला रात्री लागणार आहे.

"इतलं गुयगुयीत आन् नुसतं पडेल व्हतं," ती म्हणाली. "तुही गाडी काय पयून चालली? वायू दे."

रात्री गाडी काढली तेव्हा छप्पर गच्चीवरच होतं.